वाचनसूची आणि एका विद्यार्थिनीची पवारणा

वर्षावासाचे तीन महिने संपले म्हणजे भिक्षुसंघ एकत्र बसतो, आणि प्रत्येक भिक्षू हात जोडून संघाला विनंती करतो की, माझ्या आचरणात आपणांस काही दोष दिसला असेल, त्याविषयी काही ऐकण्यात आले असेल अथवा नुसती शंका आली असेल, तरी अनुकंपेने ते मला सांगावे. विनयपिटकातील महावग्गात सांगितलेल्या या विधीस पवारणा म्हणतात. त्याचा प्रारंभ सर्वांत कनिष्ठ भिक्षूपासून होत नाही, सर्वांत ज्येष्ठापासून होतो. ज्याच्याकडे वय, मान आणि ज्ञान आहे त्याने प्रथम आपला दोष विचारावयाचा, हे या विधीचे मर्म आहे.

आजच्या महाविद्यालयांतही सत्राच्या अखेरीस अशाच स्वरूपाचा एक उपचार पार पडतो. विद्यार्थ्यांना एक अभिप्रायपत्रिका देण्यात येते. शिक्षक वेळेवर येतात काय, अभ्यासक्रम पूर्ण झाला काय, नेमलेले वाचन उपयुक्त वाटले काय, असे प्रश्न तीत असतात. उत्तरासाठी चौकटी असतात आणि शेवटी 'अन्य सूचना' म्हणून चार ओळींची जागा असते. पत्रिका गोळा होतात, मूल्यांकन समितीस दाखविण्यासाठी त्यांची फाईल होते, आणि ती कपाटात जाते. पवारणेत विचारणारा समोर बसलेला असतो. येथे विचारणारा कोण, हेच विद्यार्थ्यास ठाऊक नसते.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गास नियमित येणाऱ्या एका विद्यार्थिनीने ही चार ओळींची जागा अपुरी मानली आणि स्वतंत्र तीन पाने लिहून पत्रिकेस जोडली. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात तिने 'बौद्ध विचार' हा ऐच्छिक विषय घेतला होता. त्या विषयात नेमलेल्या वाचनाविषयी ही तीन पाने आहेत. त्यांची प्रत तिने आमच्या वर्गात वाचून दाखविली. तिच्या संमतीने आम्ही त्या लेखनाची येथे समीक्षा करीत आहोत. तिचे, तिच्या शिक्षकांचे वा महाविद्यालयाचे नाव देण्याचे कारण नाही. कारण प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. बौद्ध विषय जेथे जेथे शिकविला जातो तेथील तो प्रश्न आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे तो आमच्या विहाराचाही आहे.

प्रथम ती वाचनसूची पाहू. तीत सहा पाठ होते: ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या 1903 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्धिस्ट इंडिया' या ग्रंथातील दोन प्रकरणे, ओल्डेनबर्ग यांच्या बुद्धचरित्राच्या इंग्रजी अनुवादातील काही भाग, अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'तील महाभिनिष्क्रमणाचे सर्ग, तेही इंग्रजीतून, डॉ. राधाकृष्णन यांच्या 'इंडियन फिलॉसॉफी'च्या 1923 सालच्या पहिल्या खंडातील बौद्ध मतावरील विवेचन. धर्मानंद कोसंबी यांच्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथातील एक प्रकरण. आणि शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथातील पहिल्या खंडाचा काही भाग. सूचीतील एकमेव मराठी पाठ कोसंबींचा, आणि त्याच्यासमोर 'पूरक वाचन' असा शेरा होता. बाबासाहेबांचा ग्रंथ 'आधुनिक अन्वयार्थ' या मथळ्याखाली सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ठेवला होता. परीक्षा जवळ आल्यामुळे त्या आठवड्याच्या तासिका झाल्याच नाहीत.

विद्यार्थिनीच्या तीन पानांत पाच तक्रारी आहेत. पहिली अशी की, वाचन फार होते आणि जवळजवळ सगळे इंग्रजीत होते. हाती पडत ते झेरॉक्सचे कागद, ज्यांना ना ग्रंथाचा आरंभ होता ना शेवट. दुसरी अशी की, ज्या ग्रंथामुळे आपल्या घरात बुद्ध आला तो ग्रंथ सर्वांत शेवटी आणि जणू उपकार म्हणून नेमला गेला. तो प्रथम आणि मुख्य असावयास हवा होता. तिसरी अशी की, सर्व पाठांत बुद्ध हा गतकाळातील एक विषय आहे. वर्गात बौद्ध विद्यार्थी बसले आहेत याची एकाही पाठास वा प्रश्नास दखल नाही. चौथी तक्रार तिने काहीशा त्राग्याने लिहिली आहे: एक पाठ सांगतो की सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून रात्री गुपचूप घर सोडले, दुसरा सांगतो की हे सारे काव्य आहे, तर मग परीक्षेत लिहावयाचे काय? पाचवी तक्रार एकाच वाक्याची आहे. "मी अर्धे पाठ वाचलेच नाहीत, गाइडवरून उत्तरे लिहिली, आणि मला चांगले गुण मिळाले, हीच माझी तक्रार आहे."

ही पाने प्रसिद्ध चर्चेचा विषय करू नयेत असे आमच्यापैकी काही स्नेह्यांचे मत पडले. विद्यार्थ्याने गुरुजनांच्या निवडीवर बोट ठेवावे हे त्यांना प्रशस्त वाटले नाही. आम्हांस हे मत मान्य नाही. महावग्गात उपाध्यायाप्रती शिष्याची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत उपाध्याय बोलत असता मध्ये बोलू नये हे कर्तव्य आहे. पण त्याचे बोलणे दोषाच्या जवळ जाऊ लागले तर त्याला आवरावे, हेही कर्तव्यच सांगितले आहे. 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद संवादास सिद्ध होतो तेव्हा नागसेन अट घालतात की, संवाद विद्वानांच्या रीतीने होणार असेल तर होईल, राजांच्या रीतीने होणार असेल तर होणार नाही. कारण विद्वान आपली चूक दाखविली गेल्यावर रागावत नाहीत, राजे मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतात. बाबासाहेबांच्या प्रेरणेने 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयास पुढे या प्रश्नकर्त्या राजाचे नाव मिळाले. प्रश्न करणाऱ्याचे नाव ज्या परंपरेने आपल्या विद्यालयास दिले, तिच्यात विद्यार्थिनीच्या प्रश्नास अविनय म्हणता येणार नाही.

तथापि प्रश्न विचारला म्हणजे तो बरोबरच असतो असेही नाही. विद्यार्थ्याने नेमलेल्या वाचनावर टीका कशी करावी याचा एक आदर्श आपल्याजवळ आहे, आणि त्याच कसोटीवर ही पाने घासून पाहणे न्यायाचे होईल. दिनांक 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. आज आपण त्याकडे थोर ग्रंथकाराची पहिली कृती म्हणून पाहतो. परंतु त्या दिवशी तो एका विद्यार्थ्याने आपल्या वर्गात, आपल्या विषयावरील मान्य ग्रंथांविषयी दिलेला अभिप्रायच होता.

त्या निबंधाची रीत पाहावी. जातीच्या व्याख्या करणारे सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर, हे चार लेखक ते एकामागून एक हाती घेतात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. विटाळ हा जातीचा प्राण नसून तिला मिळालेल्या पुरोहिती वळणाचा परिणाम आहे, असे ते दाखवितात. नेसफील्ड यांनी जातीबाहेर अन्नव्यवहार नसणे हे लक्षण मानले. येथे परिणामालाच कारण समजले गेले आहे, असे ते सांगतात. रिस्ले यांच्या व्याख्येत नवीन काही नाही, एवढे म्हणून ते पुढे जातात. केतकरांविषयी ते आदराने बोलतात. त्यांनी जातीकडे सुटी वस्तू म्हणून न पाहता व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले याचे श्रेय देतात. आणि मग त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे दाखवून देतात. एवढे झाल्यावरच ते आपले मत मांडतात की, सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या समाजावर जातीअंतर्गत विवाहाचे बंधन लादले जाणे हेच जातीच्या उगमाचे रहस्य होय. अखेरीस आपला सिद्धान्त अंतिम नाही, तो चर्चेत घातलेली भर आहे, असेही ते नम्रपणे नमूद करतात.

या निबंधात चार गोष्टी आहेत. लेखक काय म्हणतो ते प्रथम प्रामाणिकपणे सांगणे. त्यातील ग्राह्य अंश मान्य करणे. चूक नेमकी कोठे आहे ते दाखविणे. आणि त्या जागी आपले उत्तर देऊन तेही तपासणीस खुले ठेवणे. हे लेखक मला परके वाटतात, किंवा हे वाचन फार झाले, असे त्यांत कोठेही नाही. वस्तुतः तसे म्हणण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याइतका क्वचितच कोणाला असेल.

आता एकेक तक्रार घेऊ. भाषेविषयीची तक्रार आम्ही पूर्णपणे ग्राह्य मानतो. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्षू, जे एकमेकांचे भाऊ होते, तथागतांकडे गाऱ्हाणे घेऊन आले की, नाना गोत्रांचे आणि नाना जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवीत आहेत; तेव्हा ते छंदोबद्ध करण्याची अनुज्ञा असावी. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली, तसे करणे दोष ठरविले आणि बुद्धवचन स्वकीय भाषेत शिकण्यास अनुमती दिली. 'स्वकीय' म्हणजे शिकणाऱ्याची की स्वतः बुद्धाची, यावर मतभेद आहे. अट्ठकथाकार बुद्धघोष तिचा अर्थ बुद्धाची मागधी असा करतात. पण प्रसंगाचा रोख पाहता, नाना जातींच्या भिक्षूंच्या बोली बंद करा ही मागणी फेटाळली गेली, एवढे तरी निर्विवाद आहे. दिनांक 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषांचा दर्जा दिला. अशा वेळी महाराष्ट्रातील बौद्ध विचाराच्या वर्गात पालीतील एकही मूळ पाठ नसावा आणि मराठीतील एकमेव पाठ 'पूरक' ठरावा, याचे समर्थन कसे करावयाचे?

परंतु या तक्रारीत 'वाचन फार होते' हा जो दुसरा भाग आहे, तो आम्ही मान्य करीत नाही. शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही म्हणून ज्यांना फारशी घ्यावी लागली, त्यांनी पुढे संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केले, आणि पालीसाठी व्याकरण व कोश रचण्याचे श्रम केले. ते काम महाराष्ट्र शासनाने 1998 साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले आहे. स्वभाषेची मागणी ही श्रम टाळण्याची सबब होता कामा नये; ती अधिक खोल श्रमाची पूर्वअट असली पाहिजे. झेरॉक्सच्या तुटक कागदांविषयी मात्र ती बरोबर आहे. ग्रंथाची प्रस्तावना वगळून मधलेच प्रकरण हाती देणे म्हणजे प्रश्न लपवून उत्तर वाचावयास देणे होय.

दुसऱ्या तक्रारीत न्याय आणि अन्याय दोन्ही आहेत. बाबासाहेबांचा ग्रंथ शेवटच्या, न होणाऱ्या तासिकेसाठी राखून ठेवणे हा केवळ वेळापत्रकाचा दोष नव्हे. ओल्डेनबर्ग यांचा ग्रंथ 'चरित्र' आणि राधाकृष्णन यांचे लेखन 'तत्त्वज्ञान', पण बाबासाहेबांचा ग्रंथ मात्र 'अन्वयार्थ', या वर्गवारीतच निवाडा दडलेला आहे. राधाकृष्णन यांनी प्रारंभीच्या बौद्ध मताकडे उपनिषदांच्या विचाराची नव्या भराने केलेली मांडणी म्हणून पाहिले. हाही एक अन्वयार्थच आहे, आणि आत्मा नाकारणाऱ्या सिद्धान्तापुढे तो कितपत टिकतो हे तपासावेच लागेल. सहा पाठांपैकी एकास अन्वयार्थ म्हणावयाचे आणि बाकी पाचांस ज्ञान म्हणावयाचे, ही तटस्थता नव्हे.

तथापि तो ग्रंथ प्रथम आणि मुख्य ठेवावा, म्हणजे बाकीचे वाचण्याचे कारणच उरत नाही, असा विद्यार्थिनीचा जो सूर आहे, तो त्या ग्रंथाच्याच प्रकृतीशी विसंगत आहे. 1957 साली, म्हणजे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी वाचकापुढे प्रश्न ठेवले आहेत: सिद्धार्थाने प्रव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग आहेत काय, आत्मा नाही असे सांगून कर्म आणि पुनर्जन्म कसे सांगता येतील, आणि भिक्षू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष असावयाचा की समाजाचा सेवक. या प्रश्नांच्या सोडवणुकीत वाचकांनीही आपली भर घालावी, अशी अपेक्षा ते तेथे व्यक्त करतात. ज्या ग्रंथाचे दार प्रश्नांनी उघडते, त्याला प्रश्न संपविण्यासाठी पुढे करणे हा त्याचा गौरव नव्हे. ग्रंथात संदर्भ पुरेसे दिलेले नाहीत असा आक्षेप फार काळ घेतला गेला. तेव्हा रागावून बसण्यापेक्षा त्याची पाली व अन्य मूळ साधने शोधून 1995 साली ती शासनाच्या अकराव्या खंडाची पुरवणी म्हणून छापली गेली. आक्षेपाला उत्तर देण्याची ही खरी रीत होय.

तिसरी तक्रार नाजूक आहे. महाविद्यालयाचा वर्ग म्हणजे विहार नव्हे. तेथे बौद्ध, अबौद्ध, श्रद्धाळू, अश्रद्ध सर्वच बसतात, आणि ज्यावर आपली श्रद्धा आहे त्याकडे काही काळ दुरून पाहावयास शिकणे हा शिक्षणाचाच भाग आहे. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागताचीच परीक्षा करावी, डोळ्यांनी आणि कानांनी जे कळते त्यावरून तो शुद्ध आहे की नाही हे पाहावे, असे भिक्षूंना सांगितले आहे. पण दूर उभे राहणे वेगळे आणि समोर कोणी उभेच नाही असे मानणे वेगळे. ज्या राज्यात लक्षावधी लोकांनी 1956 नंतर धम्म स्वीकारला, तेथील वर्गात बौद्ध धर्म फक्त भूतकाळात शिकविणे ही वस्तुस्थितीची चूक आहे. तक्रार येथवर योग्य आहे. मात्र वर्गाने आपल्या श्रद्धेस दुजोरा द्यावा अशी अपेक्षा तीत असेल, तर ती सोडून द्यावी लागेल.

आता चौथी तक्रार. आमच्या मते संपूर्ण लेखनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि विद्यार्थिनीने तिलाच अडचण समजून टाकून दिले आहे. प्रव्रज्येविषयी पाठांत एकवाक्यता नाही, हे तिने स्वतःच्या वाचनाने हेरले. कोणत्याही गाइडमध्ये हे नसते. येथे ती थांबली नसती तर काय झाले असते?

तिला दिसले असते की, चार दृश्यांचा प्रसंग दीघनिकायातील महापदान सुत्तात येतो, पण तो गौतमाविषयी नव्हे, तर पूर्वीच्या विपस्सी बुद्धाविषयी. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात, आणि तेथे आई-वडील नको म्हणत असता, रडत असता, तरुणपणी आपण केशश्मश्रू उतरवून घर सोडले असे सांगतात. म्हणजे रात्री गुपचूप निघून जाण्याची कथा तेथे नाही. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदण्ड सुत्तात माणसामाणसांमधील कलह आणि शस्त्रे हाती घेतल्याने निर्माण होणारे भय पाहून मनात आलेल्या संवेगाचे वर्णन आहे. या सुत्ताकडे लक्ष वेधून कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या संघर्षात शोधले. बाबासाहेबांनी, एकोणतीस वर्षांच्या माणसाला म्हातारा, आजारी वा प्रेत पूर्वी कधीच दिसले नसेल हे असंभवनीय आहे असा तर्क करून, रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यसंघात झालेला वाद, सिद्धार्थाचा युद्धास विरोध आणि त्याने पत्करलेली प्रव्रज्या अशी संगती लावली. आणि शाक्यांच्या संघाचा, त्याच्या संथागाराचा परिचय हवा असेल, तर तो त्याच सूचीतील ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या प्रकरणात मिळतो. मग अश्वघोषाने चार दृश्यांना इतके मोठे रूप का दिले, हा काव्याचा आणि काळाचा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो.

म्हणजे ज्या पाठांविषयी तक्रार होती, तेच पाठ एकमेकांशी बोलत होते. सूचीने त्यांना वेगवेगळ्या आठवड्यांत बंद करून ठेवले, हा शिक्षकांचा दोष. पण त्यांतील विरोध दिसताच 'परीक्षेत काय लिहू' एवढेच विचारून थांबणे, हा वाचकाचा दोष. 1916 सालचा विद्यार्थी व्याख्यांतील विरोध पाहून आनंदला असेल, कारण त्या फटीतूनच त्याला पुढे जावयाचे होते. तिने परीक्षेत नेमके हेच लिहावयास हवे होते की, साधनांत एकवाक्यता नाही, ती नाही याची कारणे अशी आहेत, आणि त्यांपैकी मला हे मत अधिक सयुक्तिक वाटते ते या कारणाने.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पाच तक्रारी करणाऱ्या या विद्यार्थिनीच्या लक्षात सूचीतील सर्वांत मोठी उणीव आलेली नाही: सहा पाठांत त्रिपिटकातील एकही सुत्त नव्हते. बुद्धाविषयी सर्वांनी काय लिहिले ते नेमले गेले. बुद्धवचन म्हणून जे परंपरेने जपले, त्यातील एक पानही नेमले गेले नाही. ही उणीव तिला जाणवू नये याचे आम्हांस वाईट वाटले. आणि ती आमच्या वर्गात दोन वर्षे येत असूनही जाणवली नाही, याचे अधिक.

पाचव्या तक्रारीपाशी आपण येथे आपोआपच येतो. न वाचता गुण मिळाले ही तक्रार करावयास धैर्य लागते, कारण तीत स्वतःचाही दोष उघड होतो. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात, जे लोक सुत्ते, गाथा इत्यादी पाठ करतात पण प्रज्ञेने त्यांच्या अर्थाची परीक्षा करीत नाहीत, जे दुसऱ्यावर दोष ठेवण्यासाठी वा वाद जिंकण्यासाठी धम्म शिकतात, त्यांना साप चुकीच्या जागी धरणाऱ्याची उपमा दिली आहे. तो साप उलटून त्यालाच चावतो. गाइडवरून उत्तरे लिहिणारा विद्यार्थी, तीच उत्तरे तपासून गुण देणारा परीक्षक आणि त्या गुणांवर समाधान मानणारे पालक, हे तिघेही त्या सापाची शेपटी धरून उभे आहेत.

परंतु या तीन पानांतील शेवटचे वाक्य महाविद्यालयाविषयी नाही. ते असे आहे: "आमच्या विहारात बाबासाहेबांचा ग्रंथ दर वर्षावासात वाचला जातो, तेथेही मी कधी प्रश्न विचारला नाही, कारण तेथेही कोणी थांबत नाही." हे वाक्य वाचून झाल्यावर आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. ते खरे आहे. आषाढ पौर्णिमेस आम्ही ग्रंथ उघडतो आणि आश्विन पौर्णिमेस तो पूर्ण करतो. रोज ठरलेली पाने होतात, वंदना होते, खीरदान होते. आठही खंड वेळेत संपले याचा आम्हांस अभिमान असतो. ग्रंथकर्त्याने आरंभी ठेवलेले प्रश्न मात्र पहिल्याच संध्याकाळी वाचून मागे टाकले जातात. महाविद्यालयाने तो ग्रंथ न वाचता संपविला. आम्ही तो वाचून संपवितो. फरक आहे, पण आम्ही समजत होतो तेवढा मोठा नाही.

शेवटी एका वयोवृद्ध उपासिकेने मौन मोडले. त्या त्या मुलीला म्हणाल्या, "पोरी, मला अक्षर येत नव्हतं तेव्हा मी हे पुस्तक ऐकून ऐकून मनात ठेवलं. कोणाला विचारायचं हे मला ठाऊक नव्हतं. तू तरी विचार, म्हणजे मलाही कळेल." 'तेथे कोणी थांबत नाही' या वाक्याला आमच्याजवळ याहून योग्य उत्तर नव्हते. श्रवणाने धम्म जपणाऱ्या त्या पिढीचे ऋण मोठे आहे. पण त्या पिढीलाही प्रश्न होते आणि आम्ही ते कधी ऐकले नाहीत, हे त्या दिवशी कळले.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवितो. महाविद्यालयीन शिक्षकांस आमची विनंती अशी की, सूची लहान करावी पण तुटक करू नये. प्रव्रज्येचा एकच प्रश्न घेऊन अरियपरियेसन आणि अत्तदण्ड ही दोन सुत्ते, अश्वघोषाचा एक सर्ग, कोसंबी आणि बाबासाहेब, एवढे सलग तीन आठवडे वाचून घ्यावे. सुत्तनिपाताचा कोसंबींनी केलेला मराठी अनुवाद उपलब्ध आहे. परीक्षेत 'कारणे लिहा' असे न विचारता 'साधनांतील मतभेद सांगून आपले मत द्या' असे विचारावे. त्या प्रश्नाला गाइड उपयोगी पडत नाही. आणि अभिप्रायपत्रिका कपाटात ठेवण्यापूर्वी वर्गात वाचावी. प्रथम शिक्षकाने स्वतः सांगावे की माझे या सत्रात काय चुकले.

दुसरी सूचना आम्हांलाच आहे. 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते कोणत्याही अभ्यासक्रमात नेमलेले नव्हते. त्यावर परीक्षा नव्हती. ते वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न राहिले आणि जवळजवळ पन्नास वर्षे ते काम करीत राहिले. 1956 सालची धम्मदीक्षा आणि त्यानंतर हाती आलेला ग्रंथ ही त्या वाचनाची फळे आहेत. वाचन नेमून देता येते. प्रश्न नेमून देता येत नाही. तो विचारला गेला तर त्याला जागा मात्र देता येते. या वर्षावासापासून आमच्या विहारात रोजची पाने निम्मी करण्याचे आणि उरलेला वेळ प्रश्नांसाठी ठेवण्याचे ठरले आहे. आठ खंड एका वर्षावासात पूर्ण होणार नाहीत. दोन लागतील, कदाचित तीन. पहिला प्रश्न विचारण्याचा मान त्या वृद्ध उपासिकेस देण्यात आला आहे, आणि उत्तराची तयारी करून येण्याचे काम त्या विद्यार्थिनीने आपण होऊन पत्करले आहे.

तिच्या अभिप्रायपत्रिकेस महाविद्यालयाकडून अद्याप उत्तर आलेले नाही. आमचे उत्तर हे आहे.